ओला असताना चमकतो, सुकला की पांढरा पडतो: नदीतल्या गोट्यांवर पॉलिश का चढत नाही?

नदीतून आणलेले गोटे ड्रममध्ये घालून पाच-सहा आठवडे फिरवले. शेवटच्या दिवशी झाकण उघडलं, बादलीत धुतले, तेव्हा पाण्याखाली काचेसारखे दिसत होते. टॉवेलवर पसरले आणि चहा घेऊन परत आलो, तेवढ्यात सगळ्यांवर राख फासल्यासारखी पांढुरकी झाक. गोटे ड्रममध्ये घासून चकचकीत करायचा हा छंद ज्यांनी लावून घेतलाय त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली रड हीच असते. माझ्या लागोपाठ चार खेपा अशा गेल्या. चौथ्या खेपेला आई ओट्यावरून म्हणाली, "दगडस्ले रोज आंघोय घालस, त्यास्ना देव करस का रे?"

आमचं मशीन घरीच जोडलेलं आहे. दोन दांडे, त्यांवर चढवलेली रबरी नळी, जुनी मोटर, वेग कमी करायला पुल्या, आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला आतून टायरच्या ट्यूबचं अस्तर लावून केलेला ड्रम. दीड किलो माल बसतो. पहिल्या टप्प्यात 80 नंबरची कार्बोरंडम पूड (दगड घासायची कठीण पूड, नंबर मोठा तितकी ती बारीक), मग 220, मग 600, शेवटी सेरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पूड. विकतचं मशीन असेल तरी खाली लिहिलेलं लागू पडतं, कारण दोष मशीनचा क्वचितच असतो.

आधी पाण्याचा संशय फेडून घ्या

आपल्याकडे हे पहिलं बघायचं, कारण यात खर्च नाही आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे उन्हाळ्यात कुलरच्या जाळीकडे बघितलं की कळतं. जाळीवर जो पांढरा थर धरतो तोच गोट्यावरही धरतो, फक्त पातळ. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात केलं आणि गोटे तसेच उन्हात ठेवले, तर चांगलं पॉलिश झालेला दगडही फिका दिसतो.

एक गोटा घ्या, फडक्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून अर्धा गोटा पुसा, साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा. पुसलेला भाग उजळला आणि उरलेला फिकाच राहिला, तर तुमचं पॉलिश उत्तम आहे, पाणी वाईट आहे. शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात करा आणि हवेवर न सुकवता लगेच सुती कपड्याने पुसा. काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही. माझ्या चारपैकी एक खेप अशीच निघाली. ती मी चिडून परत 220 ला टाकली होती. म्हणजे तयार दगड माझ्याच हाताने खराब केले.

(ही चाचणी अकीक, गारगोटी, जास्पर या सिलिकेच्या कठीण दगडांसाठी. गोटा कॅल्साइटचा किंवा चुनखडीचा असेल तर आम्लाने त्यावर फेस येतो आणि पृष्ठभाग खातो. तसला दगड मुळात या ड्रममध्ये यायलाच नको होता.)

मग जीनच्या तुकड्यावर घासून बघा

पाण्याचा दोष नसेल तर आता एवढंच ठरवायचं: चूक शेवटच्या टप्प्यात आहे की त्याच्या आधी? जुन्या जीनचा तुकडा ओला करा, त्यावर सेरियमची चिमूटभर नवी पूड घ्या आणि गोट्याची एकच जागा दोन-तीन मिनिटं जोर लावून घासा. धुऊन, सुकवून ट्यूबलाइटखाली धरा. घासलेल्या जागी ट्यूबची रेघ स्पष्ट दिसली, तर आधीचे टप्पे नीट झालेत. पॉलिशचा टप्पा कमी पडलाय किंवा त्यात जाड पूड मिसळलीय. तिथेही काही फरक दिसला नाही, तर सेरियम कितीही ओता, उपयोग नाही. आजार मागे आहे.

माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा आजार मागेच असतो. आणि तोही अगदी मागे, पहिल्या टप्प्यात.

गोल आहे म्हणजे गुळगुळीत आहे असं नाही

ही चूक नदीतले किंवा समुद्रावरचे गोटे गोळा करणारेच करतात. खाणीतला कोपरेदार तुकडा आणणारा माणूस मुकाट्याने 80 नंबरला महिनाभर घालवतो. आपण विचार करतो, नदीने हजारो वर्षं घासून दिलंय, हाताला मऊ लागतंय, तर जाड पुडीचे पैसे कशाला घाला? थेट 220 ला टाकू. पहिल्या खेपेला मी नेमकं हेच केलं.

नदीने आकार दिलेला असतो, पण तो कसा? पुरात गोट्यावर गोटा आपटत. प्रत्येक आपटीची खूण राहते. वाळलेला अकीक भिंगाखाली धरला की त्याच्या सालीवर नखाने ओरखडल्यासारख्या बारीक चंद्रकोरी दिसतात, एकात एक गुंतलेल्या. या नुसत्या वरच्या खुणा नसतात, त्यांच्या खाली बारीक तडे आत गेलेले असतात. ओल्या दगडात त्या भेगांत पाणी भरतं, प्रकाश सरळ जातो, दगड चमकदार दिसतो. सुकला की भेगांत हवा येते, प्रकाश विखुरतो आणि तोच दगड पांढुरका होतो. ओलं आणि सुकं यातला सगळा खेळ एवढाच आहे. म्हणून पात्रात ओला गोटा बघून भुलायचं नाही. तिथेच शर्टाला पुसायचा, सुकू द्यायचा, मग पिशवीत टाकायचा.

ही खराब साल पूर्ण उतरवायची तर ते काम 80 नंबरच करू शकतो. 220 ने ते होत नाही. 220 तिला वरवर घासून देतो, त्यामुळे ती हाताला आणखी मऊ लागते आणि आपण आणखी फसतो. 600 झाल्यावर तर दगड रेशमासारखा लागतो. पण तडे तिथेच, आत.

पहिल्या टप्प्याला तारीख नसते. सात दिवस, दहा दिवस असं पाकिटावर लिहिलेलं असतं. माझ्याकडे सात दिवसांनी पूड बदलायची वेळ येते, कारण तोवर तिचं पीठ झालेलं असतं. दगड तयार झालाय असा त्याचा अर्थ नाही. दर आठवड्याला ड्रम रिकामा करतो, गोटे धुऊन गच्चीवर पूर्ण सुकवतो आणि एकेक बघतो. बघायची माझी युक्ती काजळाची आहे: कोरड्या गोट्यावर बोटाने काजळ चोळायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. खड्ड्यांत, भेगांत काळं अडकून राहतं आणि भिंगाशिवाय दिसतं. स्वच्छ पुसला गेला तो पुढे, ठिपके राहिले तो परत 80 ला, नवी चार चमचे पूड घालून. साधारण तिसऱ्या आठवड्यात निम्मे पास होतात. काही पाचव्यात. वजन चांगलंच घटतं, पाव हिस्सा गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

पास झालेले गोटे एका बरणीत साठवायचे आणि एक खेप भरली की मगच 220 सुरू करायचं. घाई इथेच नडते. घरात कोणी विचारतं, "झाले का तुमचे हिरे?" आणि आपण चार अर्धवट दगड पुढे ढकलतो. त्या चार दगडांच्या भेगांत अडकलेली 80 ची पूड मग शेवटच्या टप्प्यात सुटते आणि बाकीच्या तीसांनाही ओरखडे पाडते.

कोणता दगड उचलायचा

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोटी तयार झाली, काही ठिकाणी झिओलाइट नावाची मऊ खनिजं. पाषाण झिजला की ही भरणं सुटतात आणि नाल्यातून आमच्या खानदेशातल्या गिरणा, पांझरा, अनेर या नद्यांच्या पात्रात येतात, पुढे तापीत. तापी मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. पोहोचेपर्यंत मऊ दगडांचं पीठ झालेलं असतं आणि कठीण तेवढे टिकतात. एका अर्थाने निवडीचं काम नदीने अर्धं केलेलं असतं.

उरलेलं अर्धं आपलं. पोलादी सुरीचं टोक दाबून ओढा. चरा पडला तर सोडून द्या. अकीक, गारगोटी, जास्पर यांची कठीणता साडेसहा ते सातच्या घरात, सुरी त्यांच्यावर घसरते आणि उलट लोखंडाची करडी रेघ उमटते. झिओलाइट दिसायला सुंदर, गुलाबी-पांढरे, पण स्टिलबाइट, ह्यूलँडाइट साडेतीन-चारच्या आसपास. अकिकासोबत फिरवले तर दोन दिवसांत त्यांचा चिखल होतो. ते कपाटात ठेवायचे, ड्रममध्ये नाही.

काळ्या पाषाणाचं काय? प्रत्येक नवा माणूस हे विचारतो, कारण पात्रात नव्वद टक्के तोच दिसतो. घट्ट, बारीक कणांचा असेल तर बरं पॉलिश चढतं. देवळांतल्या मूर्ती बघा. पण पात्रातल्या बहुतेक गोट्यांना बारीक छिद्रं असतात, शिवाय त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन अशा वेगवेगळ्या खनिजांचे कण असतात, ते सारखे झिजत नाहीत. आपल्या आज्यांची जाती याच दगडाची होती, आणि ती दळायची ती याच खरबरीतपणावर. जात्याकडून आरशाची अपेक्षा धरू नका. त्यातही छिद्रांचा पाषाण अकिकासोबत फिरवणं म्हणजे पुडीची चोरटी आयात: प्रत्येक छिद्र जाड पूड भरून पुढच्या टप्प्यात जातं. माझी तिसरी खेप यानेच गेली. तीन पाषाणाचे गोटे होते, हौसेने टाकलेले.

पात्रात जायचं तर पूर ओसरल्यावर, थंडीत किंवा टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात तेव्हा. वाडीवाल्याला विचारून चाला. वाळू उपसलेल्या जागी पाण्याखाली खोल खड्डे असतात, पोरं सोबत असतील तर गुडघ्यावर पाण्यात शिरू देऊ नका.

समुद्रावरचे गोटे

आमचे मेहुणे नोकरीनिमित्त कोकणात. दिवाळीला येताना किनाऱ्यावरचे गोटे पिशवीभर आणतात. तक्रार तीच, कारणही तेच: लाटांनी आपटून आपटून सालीचा तसाच चुरा केलेला असतो. त्यांच्या पिशवीत निम्मा जांभा असतो, तो सच्छिद्र आणि मऊ, बाजूला काढायचा. शिंपल्यांचे तुकडेही बाजूला. मीठ जायला दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून. लाटांनी घासलेली बाटलीची काच सापडली तर ती वेगळ्या खेपेला. ती अकिकापेक्षा मऊ आहे, एकत्र फिरवली की कडा फुटतात.

पूड घरात कुठे लपते

साल नीट उतरवली, निवड नीट केली, तरीही फिकेपणा आला, तर मिसळण शोधायची. सेरियमच्या टप्प्यात 80 नंबरचे चार दाणे पुरतात. मी ड्रम तीनदा धुवायचो, तरी ओरखडे यायचे. झाकणाच्या रबराखालची खाच कधी उघडूनच बघितली नव्हती. सुईने उकरली तर चिमूटभर करडी पूड निघाली.

पण त्याहून भारी चोर दुसराच होता. गोटे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ड्रममध्ये प्लास्टिकचे दाणे टाकतात. ते मिळेनात म्हणून मी ठिबकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे करून टाकायचो, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. तेच तुकडे धुऊन पुढच्या टप्प्यालाही वापरले. प्लास्टिकमध्ये पूड रुतून बसते, धुऊन निघत नाही. म्हणजे दर टप्प्याला मी स्वतःच जाड पूड मोजून घालत होतो. आता प्रत्येक टप्प्याच्या तुकड्यांचा डबा वेगळा, वर खडूने नंबर. पॉलिशला तर ड्रमच वेगळा, त्यात कार्बोरंडम कधी गेलेलीच नाही. ब्रश, चाळणी, फडकं तेही वेगळं. एवढं सोवळं आमच्या घरात देवघरातही पाळत नाहीत.

दोन टप्प्यांच्या मध्ये गोटे टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात अर्धा-एक तास फिरवतो. किराण्यात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मिळतो, दीड किलो मालाला एक चमचा पुरतो. भेगांतली पूड सुटते. पॉलिशनंतरही हेच करायचं, सेरियमची साय निघते आणि कित्येकदा जो फिकेपणा वाटत होता तो एवढ्यानेच जातो. आधी हे करून बघा आणि मग निराश व्हा.

कडांवर पांढरे ठिपके

हा फिकेपणा नाही, वेगळी खोड आहे. गोट्याचा मधला भाग चमकतो आणि कडेला पांढरे डाग, म्हणजे दगड ड्रममध्ये घसरत नाहीयेत, पडतायत. एक तर वेग जास्त आहे, नाहीतर माल कमी. ड्रमला चिकटपट्टीचा तुकडा लावून अर्ध्या मिनिटाचे फेरे मोजा. माझे मिनिटाला 90 होत होते. ड्रम 12 सेंटीमीटर व्यासाचा. 45 वर आणले तेव्हा ठिपके थांबले. आवाजावरूनही कळतं: जात्यासारखी एकसुरी घरघर यायला हवी. खडखड आली की आत मारामारी चालू आहे.

माल ड्रमच्या दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला हवा. पहिल्या टप्प्यात दगड झिजून पातळी खाली येते आणि तिकडे आपलं लक्षच जात नाही. त्याच टप्प्यातल्या लहान गारगोट्या भर घालायला ठेवा. पाणी दगडांच्या वरच्या थरापर्यंत पोहोचेल इतकंच. जास्त झालं तर पूड तळाशी बसते.

मे महिन्यातल्या गोष्टी

पत्र्याच्या खोलीत दुपारी मशीन चालवू नका. पट्टा सैल पडून घसरतो, मोटर फिरते आणि ड्रम उभा, आपल्याला वाटतं सात दिवस फिरला. वीज गेली आणि रात्रभर ड्रम थांबला तर चिखल तळाशी घट्ट बसतो. परत चालू करण्याआधी हाताने दोन-चार वेळा हलवून घ्या. पहिल्या टप्प्यात रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा. फुगलेलं झाकण पहाटे उडालं तर भिंत रंगते, आमची रंगली आहे. तापलेले गोटे थंड पाण्यात टाकू नका, अकीक तडकतो.

उरलेला चिखल मोरीत ओतायचा नाही, पाइपात बसला की सिमेंटच. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात. आणि कोणताही दगड ग्राइंडरवर कोरडा घासू नका. खंभातला अकीक उद्योग जुना आणि नावाजलेला, पण तिथल्या घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार आढळत आला आहे. तो या धुळीनेच होतो. ड्रममध्ये सगळं ओलं असतं म्हणून आपण सुरक्षित. सांडलेला चिखल वाळला तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पाचव्या खेपेत एकतीस गोटे होते. सव्वीस ट्यूबलाइटखाली पास झाले. तीन गोट्यांत तडे दिसले म्हणून ते 80 ला परत गेले, एक फुटला. उरला तो विटकरी जास्पर, मधून पांढरी शीर असलेला, गिरणेतून आणलेला. शिरेजवळचं काजळ अजून पुसलं जात नाही. आजपासून त्याचा सहावा आठवडा, परत 80 नंबर, चार चमचे.